दोन्ही दिवे हिरवे

सरळ सांगते. बाबांची नोकरी माझ्या एका तारेने गेली. कारखान्याला मी अजूनही शिव्या देते, पण ती तार माझी होती.

बाबा एका कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे मालगाड्यांसाठीच्या खासगी रुळांवर, सिग्नलचं काम बघायचे. एक दिवस पॅनलवर हिरवा दिवा लागला, पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा, मात्र अर्धाच फिरला. मालडबा घसरला, रुळांवर काम करणाऱ्या एका खलाशाचा पाय गेला. ठपका बाबांवर. त्यांचं म्हणणं एकच होतं : ठेकेदाराने दिव्याची तार पॉइंट फिरवायच्या बटनावरून घेतली आहे. बटन दाबलं की दिवा लागतो, रूळ हलो वा न हलो. ती तार रुळापाशी बसवलेल्या कॉन्टॅक्टवरून यायला हवी, म्हणजे रूळ पूर्ण सरकला तरच दिवा लागेल. हे त्यांनी आधी लेखी कळवलं होतं. तो कागद कारखान्याला सापडत नव्हता. कसा सापडेल?

चौकशीवाल्यांना तोंडी काही समजेना, म्हणून तात्यापारा या इथल्या मराठी वस्तीतल्या आमच्या घरी आम्ही प्लायवुडवर छोटी रेल्वे मांडली. दोन पॉइंट, दोन मोटरी, दोन हिरवे दिवे. पहिला दिवा कारखान्यासारखा, बटनावरून. दुसरा बरोबर, कॉन्टॅक्टवरून. दोन्ही पॉइंटांत काडी अडकवायची. पहिला तरीही लागेल, दुसरा लागणार नाही. बाबांचे हात कापायचे, म्हणून सोल्डरिंग माझ्याकडे.

त्याच आठवड्यात मी या प्रकरणावरचं पत्रक छापून घेत होते.

"पर्चे छापून राहिली, अन् चार तारा जोडाले तुले वेळ नाही काय?"

"हो जाएगा बाबा, टेन्शन मत लो."

"मराठीत सांग, म्हणजे खरं वाटन."

दुसऱ्या मोटरीचा कॉन्टॅक्ट इवलासा. तार दोनदा सुटली. प्रेसवाल्याचे फोनवर फोन. मी ती तार तात्पुरती बटनालाच जोडली. "झालं?" बाबांनी विचारलं. "हव," मी म्हणाले. त्यांनी बटनं दाबली, दोन्ही दिवे लागले, त्यांनी मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासणाऱ्या माणसाने माझं तपासलं नाही. पत्रक मात्र मी तीनदा तपासलं.

चौकशीत मला मदतनीस म्हणून बसू दिलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. बाबांनी काड्या अडकवल्या, बटनं दाबली. दोन्ही दिवे हिरवे.

"तो फर्क क्या है, भैया?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दिवाली की बत्तियों की झालर अच्छी बनी है," कारखान्याचा माणूस हसला.

बाबांनी फळी उलटी केली. तार त्यांना लगेच दिसली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "वायरिंग गलत है, साहब. मैंने ही की है."

"दो खिलौने नहीं संभले, और साइडिंग संभालते थे!"

चौकात माइक हिसकावून घेणारी मी तिथे गप्प बसले. अटीमुळे नव्हे. लाज वाटली म्हणून.

बडतर्फीच्या आदेशात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याला साध्या वायरिंगचंही ज्ञान नाही. अपिलाचा मसुदा मी लिहिला. पहिलंच वाक्य : ती तार मी जोडली होती.

बाबांनी वाचून कागद परत केला. "हे काढ."

"काहून? खरं हाय न."

"तवा बोलली असती."

मी वाक्य काढलं नाही. त्यांनी सही केली नाही. अपिलाची मुदत निघून गेली.