मुकं कथील, बोलकं कथील

माझा केस वाळवायचा ड्रायर भट्टीला वारा घालायला लागला, त्या दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, या घरात आता एक तर तुझे अब्बा राहतील नाहीतर मी. अर्थात राहिलो दोघंही. ड्रायर तेवढा गेला.

माझे सासरे फकरुद्दीन म्हणजे कुसगावचे कल्हईवाले. एके काळी सायकलला भाता बांधून मावळातली गावं पालथी घालायचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देऊन लखलखीत करून द्यायचे. घरोघर स्टील आलं आणि धंदा बसला. दुसरा एखादा माणूस नातवंडं खेळवत बसला असता. अब्बांनी परसात विटांची भट्टी रचली आणि गाई-बैलांच्या घंट्या ओतायला घेतल्या. चार भाग तांबं, एक भाग कथील, झालं कासं. ऐकायला किती सोपं! पण ते तांबं आणि ते कथील शुद्ध लागतं, आणि ते शोधण्याच्या नादात आमच्या घरातली एक वस्तू जागेवर राहत नाही.

तांब्याची सोय माझ्या नवऱ्याकडून होते. अजीम बंगल्यांमधले एसी दुरुस्त करतो. काढून टाकलेल्या जुन्या नळ्या मालकाला विचारून घरी आणतो. अब्बा आधी नळीचे जोड कापून फेकतात, कारण जोडात दुसरा धातू असतो. मग कानशीने घासून आतपर्यंत लाल आहे ना, ते बघतात. पप्पू भंगारवाल्याने एकदा त्यांना तारेचं भेंडोळं दिलं होतं, वरून तांबं आणि खरवडल्यावर आत पांढरं ॲल्युमिनियम. त्याच्या दुकानापुढे उभं राहून अब्बा जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. पप्पूने चहा पाजला तेव्हा कुठे निवळले. तेव्हापासून दिसेल त्या लालसर वस्तूवर त्यांची कानस फिरते. माझ्या माहेरच्या तांब्यावरही फिरली आहे.

नजर अशी, पण कान गेलेले. हे मात्र त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हल्ली लोणावळ्यातली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात.

गेल्या हिवाळ्यात परंदवडीच्या रतनबाई मुलाच्या मोटरसायकलवर बसून आमच्याकडे आल्या. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे, समोर नुसता उजेड-अंधार कळतो. तरी मैना नावाची गाय त्या स्वतः माळावर चरायला नेतात, तिच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजावर. ती घंटी ओढ्यात कुठेतरी पडली. मुलाने, निलेशने, बाजारातून नवी आणली. पण तसलीच घंटी निम्म्या गावाच्या गुरांना! दुसऱ्याच दिवशी रतनबाई शेजाऱ्यांची गाय घरी घेऊन आल्या, दावणीला बांधली आणि धार काढायला बसल्या. त्या गाईने लाथ मारून चरवी उडवली, तेव्हा उलगडा झाला.

“आज चरवी गेली, उद्या ही खड्ड्यात जायची,” निलेश म्हणाला. “मी कंपनीत असतो. हिला कोण बघणार? येत्या रविवारी गिऱ्हाईक येतंय. मैना देऊन टाकतो.”

“फकरूभाऊ,” रतनबाई म्हणाल्या, “गाय गेली तर मी घरात बसून काय करू? भित्ती चाचपू?”

एवढं अब्बांना ऐकू गेलं. बाई चांगल्या ओरडूनच बोलल्या होत्या.

वेगळ्या आवाजाची घंटी ओतून द्यायची म्हणून अब्बांनी बाजारातून कथील आणलं. कल्हईवाला कथील कसं पारखतो? तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा बोटभर तुकडा फिरवायचा आणि वितळलेलं कथील कापसाने भांडंभर पुसायचं. तसंच केलं. भांडं असं चमकलं की मी त्यात टिकली नीट लावली असती, लावत असते तर. अब्बा खूश. तांबं वितळलं, वरून कथील पडलं, मातीच्या साच्यात रस ओतला. घंटी देखणी निघाली. त्यांनी ती माझ्यापुढे हलवली.

“कशी आहे?”

“पोळपाटावर लाटणं आपटल्यासारखी,” मी म्हणाले.

“तुला आवाजातलं काय कळतं?”

मग घंटी न्यायला आलेल्या रतनबाईंनी ती कानाशी हलवली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. “भाऊ, ही झोपल्याली हाय.”

अब्बा खाली बसले. कथलात शिसं होतं. शिसं मिसळलेलं कथीलही भांड्याला चमक देतं, पण घंटीचा गळा दाबतं.

“आधी कळत नाही का हे?” मी विचारलं.

“कळतं की. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर करकर ओरडते. शिसं असलं की गप्प.”

“मग वाकवून का नाही बघितलीत?”

ते बराच वेळ भट्टीतली राख उकरत राहिले. “वाकवली होती,” म्हणाले. “मला हल्ली कुठलीच ऐकू येत नाही.”

मला इतकं वाईट वाटलं की ड्रायरबद्दलचं शेवटचं भाषण गिळून टाकलं. रतनबाई मात्र उठल्या. “मग मी कशाला हाय? चला, दुकान कुटं हाय त्ये दावा.”

त्या दुकानात जे झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तर ड्रायरचे पैसे निघाले असते. रतनबाई स्टुलावर बसलेल्या. अब्बा एकेक कांडी त्यांच्या हातात देणार, त्या ती कानाजवळ नेऊन वाकवणार.

“मुकी.”

“काय म्हणाल्या?”

“मुकी हाय म्हनलं! ही बी मुकी.”

दुकानदार म्हणाला, “मावशी, कथील आहे ते, पोपट नव्हे.” अब्बांनी न ऐकताच त्याला दटावलं. शेवटी आतल्या खोक्यातली एक कांडी वाकवताना मावशींचा चेहरा उजळला. “ही बोलती! लय भांडकुदळ हाय!” मीही कान लावला. बारीक करकर, दाताखाली खडीसाखर फुटावी तशी.

शनिवारी नवी घंटी ओतली. रविवारी आम्ही परंदवडीला गेलो. निलेशची अट एकच होती, माळावर गुरांच्या घोळक्यातून आईने आपली गाय एकटीने शोधून दाखवायची. चुकली तर गाय जाणार. गिऱ्हाईक टेम्पो घेऊन निघालं होतं.

माळभर घंट्यांचा गोंगाट. मैना घोळक्याच्या पार पलीकडे. मला आपला सगळा खुळखुळाट एकच वाटत होता, मग त्याच्या खालून एक लांब, स्वच्छ आवाज निघाला. ते सांगायला मी अब्बांच्या कानाशी वाकले, तर त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. ते रतनबाईंच्या पावलांकडे बघत होते.

पावलं एकदा उजवीकडे वळली, थांबली. माझा जीव टांगणीला लागला. मग मावशींनी काठी काखेत मारली आणि दोन म्हशींच्या मधून सरळ चालत गेल्या, आणि त्यांचा हात जाऊन पडला तो मैनाच्या मानेवर.

निलेशने फोन काढला आणि टेम्पो परत फिरवायला सांगितलं.

अब्बांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा हात घट्ट धरून, सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, “उझमा, काय गोड वाजतीय गं!”