डॅडी बर्चेलची आयोनी

“ऐकायचं असेल त्यानं यावं.”

बर्चेल मेन्झी हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. किंग्स्टनचा स्टुडिओवाला मोटार घेऊन दारात उभा राहिला, त्याला त्यानं हेच सांगितलं. नाचाच्या वेळी कुणी आवाज भरून घ्यायला कॅसेटचं यंत्र आणून ठेवलं, तर ते पायानं बाजूला सारताना हेच म्हणाला. म्हणताना मान जरा वर उचलायचा. त्याचा रेकॉर्डवाला फर्डी ब्रूमफील्ड पेटीवर बसून हसायचा, कारण लोक खरंच यायचे. टेकड्यांवरून पायी यायचे, उसाच्या ट्रॅक्टरवर लटकून यायचे. म्हाताऱ्या बायका घरातल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन यायच्या.

पेट्या सेप्टिमस गोफच्या. गोफ पोर्ट मोरांटचा सुतार. कपाटाएवढे स्पीकर त्यानं देवदाराच्या फळ्या जोडून स्वतःच्या हातानं घडवले होते आणि वरती पिवळ्या रंगात स्वतःचं नाव काढलं होतं. ‘किंग सेप्टिमस’ वाजू लागला की पलीकडच्या वस्तीतली भांडी फळीवर सरकायची. पेट्या गोफच्या, रेकॉर्ड फर्डीच्या ताब्यात, आणि माइक बर्चेलचा. फर्डी रेकॉर्ड उलटी करायचा. मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून टाकलेला असायचा. उरायचे ते ड्रम आणि खालचा खर्ज, झाडून ठेवलेल्या अंगणासारखे मोकळे. त्या अंगणात बर्चेल बोलत शिरायचा, आणि ते बोलणं तालावर असं बसायचं की माणसांना आपले पाय आवरत नसत. आमच्याकडे डीजे म्हणतात तो हाच. रेकॉर्ड लावणारा वेगळा.

आवाज त्याला बंदरानं दिला होता. तरुणपणी तो केळ्यांच्या धक्क्यावर कामाला होता. बायका डोक्यावर घड घेऊन जहाजाकडे चढायच्या आणि बर्चेल प्रत्येक घडाचा आकडा ओरडून सांगायचा. वारा, लाटा, क्रेन, मुकादमाच्या शिव्या, या सगळ्यांच्या वर त्याचा आकडा ऐकू जायचा. आकडे कंटाळवाणे म्हणून तो त्यांना यमक जुळवायला लागला. बायका हसल्या, पाय भराभर उचलले गेले. मुकादमानं त्याला दोनदा काढलं आणि दोनदा परत बोलावलं.

त्याची आई आयोनी बाजारकरीण होती. ट्रकभर यॅमचे कंद किंग्स्टनला नेऊन विकायची. एका पहाटे ट्रक तिच्यासाठी थांबला नाही, म्हणून ती दुसऱ्या थांब्याकडे चालत निघाली आणि वाटेतच तिचं काळीज थांबलं. लोकांना ती सापडली तेव्हा पाटी शेजारी सरळ ठेवलेली होती. एकही यॅम सांडला नव्हता. बर्चेल रडला नाही. पुढच्या शनिवारी त्यानं माइक घेतला, फर्डीला हळूच म्हणाला, “एखादं संथ लाव,” आणि सुरू झाला:

आयोनी उठे कोंबड्याच्या आधी,
यॅमची पाटी डोक्यावर लादी,
ट्रक गेला सोडून, रस्ता झाला लाल,
बाजार अजून लांब गं…

तिथं तो थांबला. कुणी शिकवलं नव्हतं, तरी मैदानातल्या बायकांनी उत्तर दिलं, “चाल, आयोनी, चाल!”

त्यानंतर ही आयोनी म्हटल्याशिवाय त्याला कुणी घरी जाऊ देईना. दर वेळी ती थोडी लांबायची. एकदा तिला वाटेत पोलीस भेटला, एकदा पाद्री भेटला, एकदा स्वतः पंतप्रधान भेटून यॅमचा भाव विचारून गेला. लोकांचं हसून पोट दुखायचं, आणि शेवटच्या ओळीला त्याच लोकांचे डोळे ओले व्हायचे. फर्डी म्हणायचा, “अरे, ही तरी रेकॉर्ड करून प्लेटवर घे. उद्या तू मेलास तर?”

“मेलो तर तूही ऐकू नकोस.”

“मूर्ख आहेस.”

“प्लेटवर ती रोज तेवढीच चालेल, फर्डी. माझी आई काय बाहुली आहे चावीची?”

फेन्टन ॲपलवाइट आला तो याच दिवसांत. किंग्स्टनचा पोरगेला डीजे, पाय काटकुळे, कपडे झकपक. आल्या आल्या त्यानं टोपी काढली. “डॅडी बर्चेल, तुम्हाला ऐकायला बसनं आलोय. सगळ्या वाटेत उभा होतो.”

ऐकायचं असेल त्यानं यावं, आणि हा आला होता. बर्चेलला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. त्यानं त्याला बोकडाचं सूप पाजलं, आपल्या घरी खाटेवर झोपवलं आणि स्वतः जमिनीवर झोपला. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून त्यानं आयोनी त्याला सबंध म्हणून दाखवली. फर्डी तिथंच वायर सोलत बसला होता.

“‘रस्ता झाला लाल’ म्हणालास की इथं श्वास घे,” बर्चेल पोराच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. “इथंच. ती चढ चढतेय. तिला दम लागलाय.”

“इथं, डॅडी?”

“हां. आता कसं! फर्डी, बघ, कान आहे पोराला.”

“कान आहे खरा,” फर्डी म्हणाला. त्याला तो पोरगा आवडला नव्हता, पण सांगण्यासारखं कारणही सापडलं नव्हतं.

पाऊस सरल्यावर आयोनी रेडिओवर आली. फर्डी रमच्या दुकानात डॉमिनो खेळत होता. आधी ड्रम, मग एक तरुण, चकचकीत आवाज: आयोनी उठे कोंबड्याच्या आधी. नावसुद्धा बदललं नव्हतं. ‘लाल’ म्हटल्यावर त्या आवाजानं श्वास घेतला, अगदी तिथंच. फर्डीच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. निवेदकानं विचारलं, ही आयोनी कोण बाबा? फेन्टन गोड हसून म्हणाला, “माझी मावशी.”

बर्चेलला ते ऐकवायची गरज पडली नाही. सगळ्या बेटानं ऐकलं होतं. शाळेत जाणाऱ्या मुली ते म्हणत चालल्या होत्या. तो दोन दिवस धक्क्यावर बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा पेट्या ट्रकवर चढवायला आला. गोफ चिडून म्हणाला, “कोर्टात जा.”

“काय घेऊन जाऊ? माझ्याकडे आहे काय? हवा.”

“मग तेव्हाच प्लेट का नाही केलीस, गाढवा?”

बर्चेलनं पुढची पेटी उचलून ट्रकवर चढवली.

निवडणुकीतला गोळीबार थंडावल्यानंतरचा पहिला ईस्टर. सोमवारी दुपारी शाळेमागच्या मैदानात किंग सेप्टिमसचा सामना ठरला किंग्स्टनच्या ‘रॉयल कॉमेट’शी, आणि कॉमेटचा डीजे होता फेन्टन. बसा भरभरून माणसं आली. तळलेले मासे, बॅमीच्या भाकऱ्या, उन्हात तापलेली बिअर. एका टोकाला आपल्या पेट्या, दुसऱ्या टोकाला त्यांच्या, मधे माणसांचं रान. सामन्याचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो. एका साउंडनं, म्हणजे पेट्यांच्या एका ताफ्यानं, जे वाजवलं ते दुसऱ्यानं त्या दिवशी वाजवायचं नाही, म्हणायचंही नाही. म्हटलं, तर हार. पंच नसतो. नियम मोडला की लोकच भांड्यांची झाकणं बडवतात, आणि हरलेला मालक आपल्या हातानं आपला साउंड बंद करतो.

सामना चांगला रंगला. बर्चेलनं चक्रीवादळाचं म्हटलं, दंतवैद्याचं म्हटलं, आणि किंग्स्टनहून आलेले लोकसुद्धा टोप्या उडवू लागले. गोफ घामानं भिजून हसत होता. ही बाजी मारली तर मोठ्या शहरातली बोलावणी येणार होती. त्याचं सुतारकाम कधीच बंद पडलं होतं, सगळं या पेट्यांत गेलं होतं.

तेव्हा फेन्टननं माइक ओठांशी नेला. “डॅडी बर्चेलला सलाम! आता माझ्या मावशीला भेटा.” आणि त्यांच्या रेकॉर्डवाल्यानं ती प्लेट लावली.

सगळं मैदान गायलं. चाल, आयोनी, चाल. खुर्च्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या मात्र गप्प बसल्या.

रेकॉर्ड संपली. आता पाळी इकडची. फर्डीनं बर्चेलकडे पाहिलं आणि तो काय म्हणणार ते ओळखलं.

“नाही,” फर्डी म्हणाला. “बर्चेल, नाही. रेल्वेचं म्हण. ते कुणी ऐकलेलं नाही. त्यांना धुऊन काढशील.”

“संथ लाव एखादं.”

“वाजून गेलंय ते! त्यांनी वाजवलंय! नियम माहीत नाही का तुला?”

“ते त्यांनी वाजवलं. माझं मी म्हटलेलं नाही.”

“लोकांना तो फरक कळणार आहे का?”

“मग आज कळू दे. आज गप्प बसलो तर ती त्याचीच मावशी झाली, फर्डी. कायमची.”

गोफ पेट्यांमागून ओरडला, “काय चाललंय तिथं? वाजवा!”

फर्डीनं रेकॉर्ड लावली. न लावून उपयोगही नव्हता. बर्चेल तालाशिवायही म्हणालाच असता, आणि उघड्या आवाजात त्याला एकटं सोडणं फर्डीच्यानं झालं नसतं. बर्चेलनं डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्यानं आयोनी इतकी चांगली कधी म्हटली नव्हती. पोलीस नाही, पंतप्रधान नाही, नुसती बाई, पाटी आणि चढ. दोनच ओळी झाल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी खिदळली, “ए, म्हातारा फेन्टनची नक्कल करतोय!”

पहिलं झाकण वाजलं. मग दुसरं. मग कुंपणाचे पत्रे. “वाजलेलं! वाजलेलं!” किंग्स्टनचे ओरडत होते, आणि आपल्या गावचे तरुणही ओरडत होते, कारण नियम तो नियम. एक म्हातारी खुर्चीवर उभी राहून किंचाळली, “गधड्यांनो, त्याची आई होती ती!” तिचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

बर्चेल थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि मैदानासमोर गप्प उभा राहिला, उत्तराची वाट बघत. झाकणं वाजत राहिली.

गोफनं पुढे होऊन स्वतःच्या हातानं खटका खाली केला. पेट्यांतला गुणगुणता आवाज विझला. “आता सगळ्या देशात फिर तुझ्या आईला घेऊन,” तो म्हणाला. “माझ्या पेट्यांवर नको.” आणि तोंड फिरवून वायरी गुंडाळू लागला. त्यानंतर बर्चेलनं कुणाच्याच पेट्यांवर बोलायचं नाही असं ठरवलं, आणि ते पाळलं.

त्यानं माइक फर्डीच्या हातात दिला. धातू घामानं ओला होता.

“रेल्वेचं तू शिकून घे,” तो म्हणाला. “मला नाही लागणार.”

“माझा आवाज आहे का तसला, बाबा?”

“मग राहू दे.”

पलीकडून फेन्टन माइकवर ‘डॅडी, डॅडी’ करत होता, मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखा. बर्चेलनं वळून पाहिलं नाही. तो माणसांमधून निघाला आणि माणसं वाट देत गेली, कुणी हसत, कुणी पायाशी बघत. मासे तळणारीनं बोलावल्यासारखा हात केला आणि अर्ध्यावरच खाली घेतला. फाटकातून तो समुद्राकडच्या रस्त्याला लागला. ऊन अजून पांढरं होतं. फर्डी माइक धरून ट्रकवर उभा राहून बघत होता, आणि खुर्चीवरची म्हातारी बघत होती. बाकी सगळ्यांची तोंडं कॉमेटकडे वळली होती. तिकडे दुसरी रेकॉर्ड सुरू झाली होती.