बासष्टावी ओळ

कृष्णकांत गुप्ते आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये आले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. मुंबईच्या तारघरात त्यांनी तीस वर्षं टेलिप्रिंटर चालवला होता. घरी बसवेना, म्हणून पनवेलच्या टपाल नाक्यावर आमचे मालक धर्मराज सर यांच्याकडे त्यांनी काम मागितलं. सरांनी त्यांना प्रिंटरपाशी बसवलं. लांबलचक कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या आणि पानं सुटी करायची, एवढंच काम. मी तिथली ऑपरेटर. तेवीस वर्षांची होते, आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याइतकं गावात कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती.

१९९३च्या जानेवारीत आम्हाला परिचारिका प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचं काम मिळालं. तालुक्यातल्या मुलींचे फॉर्म आमच्याकडे जमा व्हायचे. मी नावांची यादी टाइप करून फ्लॉपीवर त्यांच्या बेलापूरच्या ऑफिसला पाठवायची. त्यांचं मशीन युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं, आमचं डॉसवर. नमुन्यादाखल त्यांनी पाठवलेल्या यादीची फाइल मी छापायला घेतली, तर प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथून, पण खाली सुरू व्हायला लागली. जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत अक्षरं कागदाबाहेर गेली. मी केबल बदलली, प्रिंटर बंद करून पुन्हा लावला. काही फरक नाही.

"गाडा परत येत नाहीये," गुप्ते काका पट्ट्या फाडता फाडता म्हणाले.

"कुठला गाडा?"

"आमच्या टेलिप्रिंटरला ओळ संपली की दोन कळा दाबाव्या लागत. एकीने गाडा डावीकडे परत यायचा, दुसरीने कागद एक ओळ वर सरकायचा. ह्या फाइलीत कागद सरकवायची खूण दिसते, गाडा आणायची नाही."

मी मॅन्युअल उघडलं. काका म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. डॉसमध्ये ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा असतात, युनिक्समध्ये एकच. मी तेवढ्यापुरता छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि यादी सरळ छापून आली. सर आले तेव्हा मी सांगितलं, "प्रॉब्लेम सोडवला." कुणी सुचवलं ते सांगितलं नाही. काका शेजारीच होते.

फॉर्म घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मी टेबल आवरत असताना रूपा आली. रूपा गोमा हिलम. सुकापूरच्या पलीकडच्या कातकरवाडीतली, पण हंगामात आईबापाबरोबर कोनजवळच्या वीटभट्टीवर राहायची. वाडीतली दहावी पास झालेली ती पहिलीच मुलगी. भट्टीवरून ती चालत आली होती. फॉर्मच्या कोपऱ्याला विटेचा लाल डाग लागला होता. तो ती अंगठ्याने झाकून धरत होती.

"बाय, घ्याल ना? उशीर तं नाय झाला?"

मी घेतला. तिचं नाव यादीत बासष्टावं, शेवटचं.

यादी पडद्यावर बघताना काका म्हणाले, "अरुंधती, शेवटच्या नावानंतर एंटर मारलंस का? आम्ही तारेच्या शेवटच्या ओळीनंतरही दोन्ही कळा दाबायचो. नाहीतर ती ओळ संपलीय हे पलीकडच्याला कळत नसे."

"काका, इथे फाइल आपोआप संपते," मी हसून म्हटलं. खरं तर एंटर मारलेलं होतं. पण त्यामुळे यादीखाली आलेली रिकामी ओळ मला गबाळी वाटली, म्हणून त्यांच्यादेखत मी ती खोडली. काका पुन्हा पट्ट्या फाडायला लागले.

फेब्रुवारीत मुलींना मुलाखतीची पत्रं आली. रूपा दोनदा विचारायला आली. पहिल्यांदा मी तिला आमची यादी दाखवली आणि म्हटलं, "हे बघ तुझं नाव. पत्र येईल." दुसऱ्यांदा आली तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. मी बेलापूरला फोन लावला. तिथले कारकून म्हणाले, "आमच्याकडे एकसष्टच नावं आहेत."

तेव्हा मी शोधायला हवं होतं. बासष्टाची एकसष्ट कशी झाली, एवढाच प्रश्न होता. पण समोर तीन जण टायपिंगसाठी थांबले होते, आणि माझ्या हातून चूक होईल हे माझ्या मनातही आलं नाही. मी रिसीव्हर ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या फॉर्ममध्येच काहीतरी चुकलं असणार."

"काय चुकलं आसंल?"

"ते मला कसं माहीत?"

ती वळली आणि भट्टीच्या वाटेला लागली.

पुढच्या वर्षी चाळीस नावं पाठवली, तर पत्रं एकोणचाळीसच निघाली. या वेळी राहिलेली मुलगी एका डॉक्टरांची भाची होती. डॉक्टर फोनवर फोन करत राहिले आणि दोन दिवसांत बेलापूरचा इंजिनिअर आमच्याकडे आला. फाइल बघून म्हणाला, "शेवटच्या ओळीला शेवटच नाहीये. आमचा प्रोग्रॅम ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत वाचतो. खूण नसली तर ती ओळ सोडून देतो." भाचीचं पत्र त्याच संध्याकाळी निघालं.

इंजिनिअर गेल्यावर मी काकांकडे बघितलं. त्यांच्या हातातला कागद तसाच होता.

"मी एकदाच बोललो," ते म्हणाले. "तारघरात असतो तर तीनदा बोललो असतो. इथे वाटलं, आपलं काय, आपण पट्ट्या फाडणारे."

रविवारी आम्ही दोघं कोनच्या भट्टीवर गेलो. रूपा विटा थापत होती. तिचं लग्न झालं होतं, दिवस गेले होते. मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"म्हंजी फॉर्म बरोबर व्हता?"

"बरोबर होता. चूक माझी होती."

"मला वाटलं, इटेचा डाग पडला म्हून टाकून दिला." ती हाताची माती पुसत राहिली. "धाकटीला मीच सांगितलं, आपल्याला कागद जमत नाय. तिनं पन शाळा सोडली."

मी घाईघाईने म्हटलं, "यंदाचा फॉर्म मी भरते. बेलापूरच्या साहेबांना भेटते."

"आता नाय जमायचं, बाय." मग जरा विचार करून ती म्हणाली, "येक करा. माजी चूक नव्हती, आसं कागदावर लिवून द्या. सईशिक्क्याचं. धाकटीला दाखवीन."

मी हो म्हटलं. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "लेखी काही द्यायचं नाही. काम जाईल हातचं." मी पुढचं टायपिंग घेतलं. एक आठवडा गेला, दोन गेले. काका रोज विचारायचे, मी रोज म्हणायचे, सरांचा मूड बघून पुन्हा विचारते. महिना उलटल्यावर काकांनी घरून एक कागद लिहून आणला. तारा लिहून लिहून घोटीव झालेलं त्यांचं अक्षर. खाली स्वतःची सही आणि "निवृत्त, तार विभाग". माझ्या सहीसाठी त्यांनी जागा सोडली होती. शिक्का नव्हता. मी सही केली.

आम्ही कोनला पोचलो तेव्हा हंगाम संपून भट्टी बंद झाली होती. वाडीवर गेलो. रूपाची आई कमळी झोपडीत एकटीच होती. रूपा नवऱ्याबरोबर खालापूरकडे गेली होती आणि धाकटी कळंबोलीला बांधकामावर. कमळीने कागद घेतला, उलटा धरून बघितला.

"काय हाय यात?"

काकांनी तिला तो वाचून दाखवला. दोनदा. ती मान हलवत राहिली, मग घडी करून तिने तो कुडाच्या भिंतीत खोचला.

"आली की दीन तिला," ती म्हणाली.

पुढे चार वर्षांनी काका गेले. त्याआधी ते दोनदा वाडीवर जाऊन आले होते, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. मी गेले नाही. कागद रूपाला मिळाला की नाही, हे विचारायला काकाही आता नाहीत.