मेलेल्या किड्याला भ्यालेले हात

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात कोळणींच्या ॲलर्जीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी मालनच्या दंडातून रक्त काढलं आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या धंद्याचे म्हणून तिच्या हातावर तीनशे पन्नास रुपये ठेवले.

"रगत काढून वर पैसे देतान," मालन नाक मुरडून म्हणाली. "यांना पैसा चावतंय वाटतं."

नाक मुरडणं हा तिचा जोडधंदाच होता. दिंडोशीच्या बाजारात मासळीचा ओटा सांभाळताना तिने कोणाला सोडलं नाही. बर्फवाला चोर. बाजारामागच्या वसाहतीतल्या बायका तर विचारायच्या, कमी वासाचा मासा आहे का? "भेंडी घे," मालन सांगायची. पण सगळ्यात खालची पायरी तिने धाकट्या जावेसाठी, रतनसाठी राखली होती. रतनच्या कोयत्याने पावसुद्धा कापला जात नाही, असं ती चारचौघींत बोलायची.

मालनला कोयता लागतच नसे. कल्ल्याखाली अंगठा, एक हिसका, की माशाचं पोट रिकामं. त्याच हातांवर दोन वर्षांपासून गांधी उठत होत्या. एकदा ओठ सुजून पापलेटाएवढा झाला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मासे सोडा.

"कोळणीला सांगतो मासे सोड! उद्या म्हणंल श्वास सोड."

तोंडाने असं म्हणाली, पण खरी काळजी ओट्याची होती. ओटा सासूचा. घरची रीत अशी की थोरलीचे हात चालतात तोवर तो थोरलीचा, मग धाकटीचा. रतन इतकी वर्षं मागे जमिनीवर पाटी घेऊन बसत होती. मग हात बिघडले तर फायदा कोणाचा? मालनने हिशेब मांडला आणि बाजारभर निकालही दिला: रतनने करणी केली. त्या दिवसापासून जावेशी बोलणं बंद. शिवाय सासूने शिकवलेला उपाय चालू: रोज संध्याकाळी ताज्या वाकटी माशाचं कच्चं काळीज कुस्करून दोन्ही हातांना चोळायचं.

मार्चमध्ये रक्ततपासणीवाली डॉक्टर रुचिरा निकाल घेऊन आली.

"मावशी, तुम्हाला माशाची ॲलर्जी नाहीये."

"मी सांगितलंच होतं."

"माशाच्या पोटात पांढरा किडा असतो ना, दोऱ्यासारखा, वेटोळं घालून बसलेला? त्याची आहे."

"त्याला कोण विचारतंय?"

"तुमचं रक्त विचारतं. जंतांशी लढायला रक्तात एक फौज असते. तुमची फौज या किड्यावर इतकी चिडलीये, की तो मेलेला असो नाहीतर शिजलेला, त्याचा अंश लागला की ती धावून जाते. म्हणून गांधी उठतात."

मालनला वसाहतीच्या गेटवरचा वॉचमन आठवला. चोर पुढून गेला तरी घोरणार आणि रोजच्या कोळणीची पाटी मात्र अडवणार. "मेलेल्या किड्याला भितंय माझं अंग? थू त्याच्या!"

"हसू नका. पुढच्या वेळी ओठावर भागणार नाही, श्वास कोंडेल. मासे विका, पण पोटातली घाण हाताला लागू देऊ नका. हातांना काही लावता का?"

मालनने मोठ्या तोऱ्यात काळजाचा उपाय सांगितला. रुचिराने कपाळाला हात लावला.

"अहो, हा किडा काळजालाच तर चिकटून असतो. तुम्ही रोज आजारच चोळत होता!"

मालनला पहिल्यांदाच कोणाकडे बघून नाक मुरडावं ते कळेना. सासू वारली होती आणि रतनचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती हातमोजे घालून ओट्यावर बसली. पहिलंच गिऱ्हाईक पापलेट हातात घेता घेता थांबलं. "मावशी, हाताला काय झालं? रोगबिग नाही ना?" आणि शेजारच्या ओट्याकडे सरकलं. मालनने हातमोजे गटारात भिरकावले. रोज फ्रीजरमधली दगडासारखी गोठलेली मासळी खाणारे हे लोक तिला रोग विचारणार! पण समोर वाकट्यांचा ढीग होता, आणि त्यांना हात लावायची छाती होत नव्हती.

मान न वळवता ती म्हणाली, "गो रतन, वाकट्या साफ कर."

"माझी करणी लागंल ना, जाऊबाय."

"लागू दे. किड्यापरीस बरी."

रतन कोयता घेऊन वर आली.

"पसरू नको. तुझ्या बापाचा ओटा नाय."

"तुझ्या पण नाय. सासूचा."

मालन फुरफुरली. रतन साफ करू लागली, तसं घाणीबरोबर बोटभर मांसही जाऊ लागलं. "गिऱ्हाइकाला वाढतेस का मांजराला?" मालन खेकसली. रतन हसली आणि तशीच कापत राहिली.

महिन्याभरात गांधी बसल्या. करणीचा आरोप मालनने काही मागे घेतला नाही. रतन मात्र ओट्यावरून खाली उतरली नाही ती नाहीच.

साफसफाईची मजुरी दिवसाला शंभर रुपये ठरली होती. पहिल्या दिवशी मालनने वाया गेलेल्या मांसाचे कापून साठच दिले. रतनच्या हिशेबाने चाळीस रुपये अजून बाकी आहेत.