आंतर्देशीयाची कोरी घडी

कारगिलच्या लढाईत कल्याण वर बर्फात होता, तेव्हा पारनेर तालुक्यातल्या त्याच्या घरात लिहिता-वाचता येणारं माणूस एकच. त्याची बायको यशोधरा, सातवी पास. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. सासरे कचरूदादा अंगठेबहाद्दर.

पत्र आलं की दादा ओट्यावर बसत आणि यशोधरा पदर सावरत, दारात उभी राहून मोठ्यानं वाचायची. "सर्वांना सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे." पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात दर वेळी एक ओळ असायची : 'यशोधरा, तुझं काय ते लिही.' तेवढी ओळ गिळून ती पत्र मिटायची.

उत्तर दादा सांगत, ती लिहायची. शेळी व्याली. बाजरी उगवली. सांगून झालं की दादा म्हणत, "आता वाच बरं, काय लिवलंस." ती अक्षर न् अक्षर वाचून दाखवायची. आंतर्देशीयाची खालची घडी कोरीच राही. दादा पत्र चिकटवून टाकत.

कल्याण धडधाकट परतला. दोघंच असताना त्यानं विचारलं, "एक ओळ लिवायला हात मोडला हुता का?"

"मामंजी समोर बसायचे."

"दादांना वाचता येत हुतं व्हय?"

तो हसला. यशोधराला हसू आलं नाही. त्याची ओळ गाळून वाचता येत होती, तर स्वतःची लिहून तीही गाळता आली असती. हे तिला सुचलंच नव्हतं.

पुढं वीस-बावीस वर्षं संसार झाला. भांडण झालं की कल्याण टोमणा मारायचा, "तुझ्याशी काय बोलायचं? शेळी व्याली, बाजरी उगवली!" शेजारणी खिदळत. वर डोंगरात काय घडलं ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. विचारायची वेळ त्या पत्रांतच निघून गेली, असं धरून ती चालली. गेल्या पावसाळ्यात हृदयविकारानं तो गेला.

जानेवारीत शाळेनं झेंडावंदनाला त्याची लढाईतली पत्रं मांडायचं ठरवलं. मुलगा सम्राट ती न्यायला आला. ट्रंकेत दोन गठ्ठे होते. एक तिनं जपलेला, एक त्यानं. तिनं दुसरा काढून दिला.

सम्राटनं वरचं पत्र उलगडलं. "आई, ही तर तुझ्या हातची. आप्पांची कुठंयत?"

"हीच लावा," ट्रंकेला कडी घालत यशोधरा म्हणाली. "ही चारचौघांत वाचायलाच लिवली हुती."