कुसैसच्या बागेची वर्गणी

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा विमानतळावरच त्यांनी सांगून टाकलं, "सहा महिने बघते. करमलं नाही तर परत." सासरे जाऊन वर्ष झालं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या, आणि नवरा एकुलता एक. त्याने त्यांचा व्हिसा काढला, मी मुलीच्या खोलीत दुसरा पलंग घातला. करमवायचं कसं, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही राहतो दुबईत, अल कुसैसच्या अगदी टोकाला. बिल्डिंगच्या मागे एक बाग आहे. चार झोपाळे, एक घसरगुंडी, चालायला मऊ लाल पट्टा आणि कडेने कडुलिंब. बाग संपली की रस्ता, आणि रस्त्यापलीकडे शारजा. तो रस्ता ओलांडला की म्युनिसिपालिटी बदलते, घरभाडं उतरतं, बाकी काही बदलत नाही. संध्याकाळी दोन्हीकडची पोरं त्याच झोपाळ्यांसाठी भांडतात.

पहिल्याच संध्याकाळी मी सासूबाईंना तिथे घेऊन गेले. त्यांनी झाडं पाहिली, माती बोटांनी चाचपली, आणि विचारलं, "इथली वर्गणी कोणाकडे द्यायची?"

हा प्रश्न फक्त त्यांनाच पडू शकतो. पुण्यात त्यांच्या सोसायटीमागे अशीच एक बाग होती. जागा महापालिकेची, पाणी सोसायटीचं आणि माळ्याचा पगार घरटी वर्गणीतून. ती वर्गणी गोळा करायचं काम कित्येक वर्षं सासूबाईंकडे होतं. जो देणार नाही, त्याला त्या बागेत यायला मनाई करत नसत. नुसत्या बघत. ते पुरायचं.

"इथे वर्गणी नसते आई," मी म्हटलं. "म्युनिसिपालिटी करते सगळं."

"आणि म्युनिसिपालिटीला कोण देतं?"

"आपल्या वीज-पाण्याच्या बिलातच त्यांची फी लागून येते."

"ते बिल पोराच्या नावावर. माझं काय?" त्या बाकाच्या अगदी कडेला टेकल्या. "आयत्या बिळावर नागोबा व्हायला नाही आले मी."

मी हसले. माझं पोटच मुळी असल्या वाटणीवर चालतं. बिल्डिंगा सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे. लिफ्टचा, जिन्यातल्या दिव्यांचा, व्हरांड्यातल्या एसीचा खर्च भाडेकरूंमध्ये वाटायचा, आणि मग दिवसभर फोनवर बोलणी खायची. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. वरचे म्हणतात, खालच्या फुटपाथशी आमचा काय संबंध. अनुभवाने सांगते, सामायिक गोष्टीत प्रत्येकाला आपण जास्तच दिल्यासारखं वाटतं. आपण काहीच दिलं नाही म्हणून कडेला टेकणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. आहेर न करता पंगतीला बसल्यासारख्या त्या अवघडून बसायच्या, आणि अर्ध्या तासात "चल घरी" म्हणायच्या.

मग त्यांना मैत्रीण मिळाली. शारजाच्या बाजूने रोज एक मल्याळी आजी यायच्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायला लागलो. सासूबाईंचं हिंदी पुण्याचं, अम्मांचं त्रिशूरचं, आणि दोघींचंही व्याकरण सारखंच ढासळलेलं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. नवरा कसा गेला, सुनेला स्वयंपाक येतो की नाही, गुडघ्याला काय लावायचं, असं सगळं त्या हिंदीत मावायचं. मी ऑफिसातून येऊन वरून खिडकीतून बघायची, तर दोन पांढरी डोकी बाकाच्या मधोमध. सहा महिने उलटून गेले, आणि परत जायचा विषय निघाला नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला तो निघावा असं मला वाटायचं. आता वाटेनासं झालं होतं. बागेत जाताना त्या दिवा लावून जायच्या, त्यामुळे संध्याकाळी कुलूप उघडून अंधारात शिरायची सवय मोडली होती माझी.

आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात. माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी त्यांच्या मुलाला झोपाळा मिळेना, आणि त्यांचं डोकं फिरलं. बाकांसमोर उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, "सब शारजा से आ जाते हैं. फी हम भरें, पार्क ये वापरें." रागात हिंदीमध्ये मराठी घुसतं, तसं घुसलं. अम्मांना मात्र बरोबर समजलं.

वास्तविक हेच गृहस्थ सुटी आली की पोरांना घेऊन खोर फक्कानच्या समुद्रावर जातात. तो समुद्रकिनारा शारजाचा. तिथे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, फी भरली का म्हणून. हे मला सासूबाईंनी सगळं सांगितल्यावर सुचलं. तेव्हा मी तिथे नव्हतेच, नाहीतर ऐकवलं असतं.

अम्मांनी पर्समधून वीस दिरहमची नोट काढली, सासूबाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मेरा हिस्सा. तुम दे दो म्युनिसिपालिटी को." आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

सासूबाईंनी ती नोट देवापाशी ठेवली. "वीस दिरहम म्हणजे पावणेपाचशे रुपये," त्या मला म्हणाल्या. "इतके आम्ही पुण्यात वर्षाचे घ्यायचो." आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली, जी त्यांच्या डोक्यात यायलाच हवी होती. मी ऑफिसला गेले की त्या स्टीलचा डबा घेऊन दारोदार जायला लागल्या. घरटी वर्गणी काढायची, अलीकडची आणि पलीकडची, आणि सगळी म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात नेऊन भरायची. म्हणजे मग कुणी कुणाला बोलायला नको.

मला कळलं ते वॉचमनकडून. "मॅडम, आपका मम्मी पैसा जमा करता है," तो घाबरून म्हणाला. "बंद करवाओ, मेरा नोकरी जाएगा."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. "आई, इथे परवानगीशिवाय पैसे गोळा करणं गुन्हा आहे! गुन्हा! कुणी कम्प्लेंट केली तर खलास. माझी नोकरी, सगळ्यांचे व्हिसा."

"चोरी केली का मी? म्युनिसिपालिटीचेच पैसे म्युनिसिपालिटीला देणार होते."

"आजी, यू कान्ट," मुलगी म्हणाली. "इट्स लिटरली अगेन्स्ट द लॉ."

"काय म्हणते ही?"

"तेच म्हणते, जे मी म्हणतोय. उद्याच्या उद्या सगळे परत द्यायचे."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली, आणि आम्ही दोघी डबा घेऊन दारोदार फिरलो. कुणी किती दिले, हे त्यांना तोंडपाठ होतं. बहुतेकांनी हसून परत घेतले. चौथ्या मजल्यावरचे ते गृहस्थ घरी नव्हते, पैसे त्यांच्या बायकोने दिले होते. तिने खाली मान घालून घेतले. दुसऱ्या मजल्यावर एक इजिप्शियन बाई राहतात. त्यांनी पन्नासची नोट दिली होती. मी ती पुढे केली, तर त्यांनी माझा हात मागे सारला, छातीवर हात ठेवला आणि सासूबाईंच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "नो, नो, हबीब्ती. फॉर मामा. फॉर मेडिसिन. अल्ला करीम."

मी कशीबशी समजूत घातली, नोट त्यांच्या हातात कोंबली, आणि आम्ही जिन्याकडे वळलो.

"काय म्हणाली ती? मेडिसिन काय?"

मी काहीतरी थाप मारायला हवी होती. पण जे होतं ते सांगून टाकलं. सासूबाई जिन्यात थांबल्या.

"भिकारीण समजली ती मला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. "डबा घेऊन दारात आले म्हणजे तसंच वाटणार. तिची काय चूक. इथे मला कोण ओळखतं." मग घरात येऊन त्यांनी डबा घासला, पुसला, जागेवर ठेवला, आणि रात्री जेवताना मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

त्याने दोन दिवस टाळलं, मग काढलं. पंधरा दिवसांनंतरचं. त्या पंधरा दिवसांत त्या बागेकडे फिरकल्या नाहीत. मला इतकं वाईट वाटत होतं, की मी कारण नसताना मुलीवर ओरडत होते. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. पण थांबा म्हणायचं तर कशाच्या जोरावर? इतकी वर्षं राहून मी स्वतः कधी या बागेला, या गल्लीला आपलं म्हटलं नव्हतं.

जायच्या आदल्या आठवड्यात त्यांना देवापाशी ठेवलेली वीसची नोट दिसली. "हे राहिलंच की. अम्माचे पैसे ठेवून जायचं नाही मला. चल."

अम्मांची बिल्डिंग ठाऊक होती, मशिदीशेजारची पिवळी. सिग्नलला रस्ता ओलांडला. वर जाऊन बेल वाजवली, तर सुनेने सांगितलं, अम्मा पार्कमध्ये गेल्यात. त्यांच्याही बिल्डिंगमागे एक बाग होती. आमच्याइतकीच, फक्त बाक हिरव्या रंगाचे. फाटकाशी सासूबाईंची पावलं अडखळली.

"आपण आत गेलेलं चालेल ना?" त्यांनी हळूच विचारलं. "आपण दुबईचे."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, काय बोलल्या ते. "चालेल," मी म्हटलं.

अम्मा एका बाकावर एकट्याच होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला, की मलाच लाजल्यासारखं झालं. सासूबाईंनी नोट पुढे केली आणि कायदा, परवानगी, मुलाची नोकरी असं सगळं त्यांच्या हिंदीत भराभरा सांगितलं. अम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पैसा देने को आया? मैं सोचा, बैठने को आया."

सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला. अम्मांनी नोट घेतली, पर्समध्ये टाकली, आणि बाकावरची वेफर्सची पिशवी उचलून जागा केली. सासूबाई बसल्या. कडेला नाही, नीट मागे टेकून.

थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तू जा. कुकर लाव. मी येते मागून."

"एकट्या याल? सिग्नल?"

"त्यात काय आहे. जा तू."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तिकीट रद्द कर."

"आई म्हणाली?"

"नाही."

"मग तिला म्हणू दे. आणि पैसे परत मिळायचे नाहीत, सांगून ठेवतो."

मी कुकर लावला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भाजी झाली, मुलीचं जेवणसुद्धा झालं, तेव्हा कुठे बेल वाजली. सासूबाईंनी चपला काढल्या, वेफर्सचा पुडा टेबलावर ठेवला आणि हात धुता धुता म्हणाल्या, "उद्या शंकरपाळे कर गं थोडे. अम्माला आपल्या बागेत बोलावलंय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.