बारशाच्या गाण्याचं उत्तर

म्हातारीने बाळाला दोन्ही हातांवर उचललं, गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा म्हटली. बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये साठ माणसं, सगळ्यांचे फोन वर. तोंड एकाचंही उघडेना.

ही माझी शेजारीण. नायजेरियातली, इग्बो लोकांतली. सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत, जर्सी सिटीत आलेली, जशी मी तीन वर्षांपूर्वी आले आणि इथेच अडकले. तिच्याकडे बारशाला आजी ओळ म्हणते आणि घरच्या बायकांनी उत्तर देऊन ती उचलायची. उचलली तरच पुढची ओळ. नाही उचलली तर बाळाला आपलं म्हणणारं कुणी नाही, असं ती मला लाँड्री रूममध्ये सांगायची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. दीड महिना ती सुनेला गाणं शिकवायला बघत होती. तिची सून म्हणायची, "मम्मा, टेक्स्ट करा, मी नंतर बघते."

मागच्या भिंतीवर तिच्या मुलाने इंग्रजीत बॅनर लावला होता: 'आपली मूल्यं जपू या.' मूल्यं चांगल्या जाड कागदावर छापली होती.

"मम्मा, कंटिन्यू," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू आहे."

"कुणासाठी म्हणू? भिंत उत्तर देणार आहे?"

"ओके, नो प्रॉब्लेम. माझ्याकडे ट्रॅक आहे." तो स्पीकरकडे वळला.

हसायला मला तोंड नाही. आमच्या नातवाच्या बारशाला माझ्या सुनेने पाळणा मोबाइलवर लावला होता. मधेच गाद्यांची जाहिरात लागली. ती संपेपर्यंत सगळ्यांनी पोराला मुकाट्याने झोके दिले. मला चार पाळणे पाठ होते. कुणी विचारलं नाही, आणि मीही गप्प बसले.

म्हातारीने पहिली ओळ तिसऱ्यांदा म्हटली.

मी उठले आणि उत्तर दिलं. लाँड्री रूममध्ये कपडे वाळेपर्यंत तिच्याकडून ऐकून ऐकून ते मला पाठ झालं होतं. आवाज फाटला.

माझ्या सुनेने पदर ओढला. "आई, बसा ना! त्यांचं फंक्शन आहे."

म्हातारीचा मुलगा म्हणाला, "आंटी, प्लीज, फ्रेममधून जरा बाजूला व्हाल?"

"नाही," मी म्हटलं.

म्हातारी माझ्याकडे वळली आणि पुढची ओळ म्हणाली. सात ओळी होत्या. साठ माणसांच्या त्या खोलीत गाणं आम्ही दोघींनी पुरं केलं.